चेहरा दाखवायलाच पाहिजे का?

परवा मी युट्यूबवर एक जपानी स्वयंपाकाचा चॅनेल बघत बसलो होतो. वीस मिनिटं नुसते दोन हात, सुरी, भाजी आणि खाली अक्षरं, बाईंचा आवाज पण नाही. भाचा म्हणाला, "मामा, ही तोंड का लपवते, काही भानगड आहे का?"

अरे भानगड कसली! तिकडे चेहरा दाखवायला 'काओदाशी' असा वेगळा शब्दच आहे, म्हणजे बघा, न दाखवणं हे नॉर्मल आणि दाखवणं हे सांगण्यासारखं. आपल्याकडे उलटं, रील म्हटलं की आधी थोबाड, मग विषय (असला तर).

ही सवय जुनी आहे. 2006 च्या डिसेंबरात निकोनिको नावाची व्हिडिओ साइट सुरू झाली, तिथे कमेंट खाली नाही, चालू व्हिडिओवरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जाते आणि कोणी लिहिली ते दिसतच नाही. पुढच्या वर्षी हात्सुने मिकू आली, म्हणजे गाणारं सॉफ्टवेअर, मग काय, घरी बसून गाणी रचणाऱ्यांना गायक शोधायची पण गरज उरली नाही. या लोकांना 'पी' म्हणायचे, प्रोड्युसरमधला पी, आणि गंमत म्हणजे कित्येकांची ती नावं बघणाऱ्यांनीच ठेवलेली, बारसं पब्लिकने केलं! आजचा मोठा गायक योनेझू केन्शी तिथे 'हाची' नावाने गाणी टाकायचा, 2012 ला स्वतःच्या नावाने अल्बम काढला तेव्हा स्वतः गायला.

आणि आदो! घरातल्या कपाटात बसून गाणी रेकॉर्ड करायची ही पोरगी, 2024 च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये गायली, तीही नुसती सावली दिसेल अशी. एवढं स्टेडियम भरलं आणि चेहरा कोणी पाहिला नाही. मला हे भारी वाटतं.

पण सगळं काही कलेसाठी चाललंय असं पण नाही हां. 'मीबारे' म्हणजे आपण कोण ते फुटणं, त्याची भीती खरी असते. जपानी कंपन्यांना जोडधंदा खपायचा नाही, सरकारनेच 2018 मध्ये नमुना नियमावलीतून ती बंदी काढली, तरी साहेबाला कळू नये असं वाटणारच की. शिवाय रस्त्यावर शूट केलं तर मागून जाणाऱ्यांचे चेहरे पण ब्लर करतात, दुसऱ्याचा चेहरा फुकटचा नाही ही जाण आहे.

मला खटकतं ते एकच. नाव नसलं की शिव्या पण मोकाट सुटतात. 2020 मध्ये किमुरा हाना ही कुस्तीपटू ऑनलाइन छळानंतर गेली, अवघी 22 वर्षांची, त्यानंतर 2022 ला अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैद केली. म्हणजे गाणाऱ्याने पडद्याआड राहणं वेगळं आणि दगड मारणाऱ्याने राहणं वेगळं, हे दोन्ही एकाच मापाने मोजू नका एवढंच माझं म्हणणं.

गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज झाले ते आपल्याला चालतं, मग या हातवाल्या बाईंचाच संशय का?

काल त्यांच्या बोटाला बँडेज होतं. मुळा किसत होत्या, कमेंटमध्ये सगळे बोटाची चौकशी करत होते. मी पण केली, मोडक्यातोडक्या जपानीत.