जादाची चकती

शेजारच्या आबांच्या परसात चिकूचं झाड आहे. काल सकाळी दात घासता घासता मला त्याच्या फांदीला, नायलॉनच्या दोरीने, अकिरा कुरोसावा टांगलेला दिसला.

म्हणजे त्याच्या 'सेव्हन सामुराई' या जपानी चित्रपटाच्या माझ्या संचातली तिसरी डीव्हीडी. पिक्चर पहिल्या दोन डिस्कमध्ये आहे, 207 मिनिटांचा. तिसरीत कुरोसावा आणि नागिसा ओशिमा हे दोन दिग्दर्शक समोरासमोर बसून दोन तास गप्पा मारतात. ही मुलाखत 1993 सालची. आता दोघेही नाहीत. त्यांच्या गप्पा आमच्या देवगड तालुक्यात वाऱ्यावर गरागरा फिरत वांदर हाकत होत्या.

आई भाकरी थापत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आबा इल्ले. वांदरांका भियवक चकती व्हयी म्हणत होते. म्हटलंय, झीलाच्या डब्यांत एक जादाची असता, तेच्यात पिक्चर नसता. ती दिलंय. दोन दिलंय."

जादाची! पुस्तकाची प्रस्तावना फाडून चुलीत घालावी आणि वर म्हणावं, गोष्ट तर शाबूत आहे ना, तसलाच हा प्रकार. मी तोंड न धुताच गडगा ओलांडला.

आबा खळ्यात बसून सुपारी कातरत होते.

"आबानू, ती चिकवार टांगलेली शीडी माजी हा."

"होय तर. तुज्या आवशीन दिल्यान. बरी मानूस ती."

"ती उतरवा. कामाची हा."

"कामाची हा म्हणान तर टांगलंय."

"तसा नाय. बगूची हा माका."

"तेच्यात पिक्चर हा?"

"नाय. पिक्चर ज्येना केल्यान, तेची मुलाखत हा."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "पिक्चर बगलस?"

"बगलंय."

"कळलो?"

"कळलो."

"मगे तेका परत कित्याक इचारूक व्हया?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मालवणीत येत नव्हतं आणि तोंडात पेस्ट होती. आबा तेवढ्यात उठले आणि मला झाडं दाखवायला घेऊन गेले. माणूस स्वतःच्या संग्रहाबद्दल बोलायला लागला की त्याला थांबवता येत नाही, हे मला माझ्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून माहीत आहे. त्या सगळ्या पाहुण्यांचे तळतळाट काल एकदम फळाला आले.

"ही बग, पेरवावरची. आरत्यांची शीडी. गणपतीत वाजवून वाजवून झिजली, पण काय चकाकता! साती रंग मारता. वांदर फिरकणा नाय. ही चिकवावरची तुजी जपानी, ती मध्यम. आणि ही," आबा पपईपाशी थांबले, "ह्या तुज्या निळ्या डब्यातली. ही कायच कामाची नाय. काळपट. परवा वांदर हिच्या बाजूक बसान पपयो खाय होतो. किती पैसे दिलंस?"

मी आकडा सांगितला.

"परत घी," आबा म्हणाले. "फसवल्यानी तुका."

सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की आबांचं परीक्षण शास्त्राला धरून होतं. सीडीवर मजकूर ज्यांत साठवतात त्या बारीक रेघा एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, डीव्हीडीच्या 0.74 वर आणि ब्लू-रेच्या 0.32 वर. रेघा जितक्या दाटीवाटीच्या, तितका डिस्कमध्ये मजकूर जास्त, आणि तितकं इंद्रधनुष्य कमी. माझ्या संग्रहातली सगळ्यात उत्तम वस्तू, ती निळ्या डब्यातली ब्लू-रे, वांदरांच्या दृष्टीने सगळ्यात भिकार ठरते, याला आबांचा इलाज नाही. जुन्या काळी काही डीव्हीडी दोन्ही बाजूंनी भरलेल्या यायच्या, अर्ध्यात उठून उलटाव्या लागायच्या. त्यातली एक माझ्याकडे आहे. दोन्ही बाजू लख्ख. तिच्याबद्दल मी आबांसमोर चकार शब्द काढला नाही आणि घरी येऊन आधी ती ट्रंकेत तांदळाच्या पोत्यामागे सरकवली.

पण शहाणपणा अंगात असल्यामुळे मी आबांना 'सेव्हन सामुराई'ची गोष्ट सांगायला गेलो. हेतू असा, की वस्तूची किंमत कळेल. जपानातलं गाव, दर वर्षी पीक तयार झालं की दरोडेखोर येतात, म्हणून शेतकरी राखणीला सात सामुराई आणतात. मजुरी काय, तर पोटाला भात. आबा ऐकत राहिले. इतकं लक्ष देऊन त्यांनी ग्रामसभासुद्धा ऐकली नसेल.

"पीक वाचला?"

"वाचला."

"आणि ते सात?"

"चार मेले. तीन ऱ्हवले."

आबांनी चिकूकडे बघितलं, मग पेरूकडे, मग माझ्याकडे. "तरीच. एकट्यान कशी ऱ्हाखण होतली? अजून सा दी. सात झाली की बगूया."

तर आता आबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर. कळलेल्या पिक्चरबद्दल परत का विचारायचं?

आधी कबूल करतो की बहुतेक बोनस, म्हणजे डिस्कवर पिक्चरशिवाय जे जादाचं घालतात ते, टाकाऊच असतात. ट्रेलरला मी शून्य मार्क देतो, घरी आणलेल्या पिक्चरची जाहिरात मला कशाला? फोटो गॅलरीला उणे. कापलेली दृश्यं बघितली की कापणाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात. आणि ज्यात नटमंडळी ओळीने येऊन 'फार मोठा माणूस, खूप शिकायला मिळालं' म्हणतात, त्या फितीसाठी वांदरसुद्धा पपई सोडणार नाही. पण एखादा जाणकार माणूस पिक्चर चालू असताना कानाशी बसून बोलतो, हे दृश्य असं का लावलं, इथे पैसे कसे संपले होते, ती ऑडिओ कॉमेंटरी मला पिक्चरइतकीच लागते. हा प्रकार पहिल्यांदा केला चित्रपटांचे अभ्यासक रोनाल्ड हेवर यांनी, 1984 साली, 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या थोरल्या पूर्वजावर. म्हणजे याची सुरुवातही वांदराच्याच पिक्चरवर. आबांना हे सांगितलं नाही.

आणि सत्यजित रायांच्या अपूच्या तीन चित्रपटांची जन्मकथा नव्हे, पुनर्जन्मकथा बघा. 1993 साली लंडनच्या लॅबला आग लागली आणि मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या जळक्या, आखडलेल्या पट्ट्या पुढे इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये भिजवून, मऊ करून, हातांनी सांधून वाचवल्या गेल्या आणि 2015 साली चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. हे काम कसं केलं याची फीत डिस्कवर आहे. ती पाहिल्यावर त्यातला पहिला, 'पाथेर पांचाली', वेगळाच दिसायला लागतो. याच्यासाठी मी पैसे मोजतो. याच्यासाठी, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये म्हणून डीव्हीडीला आपला विभाग 5 आणि अमेरिकेचा 1, ब्लू-रेला आपला सी आणि त्यांचा ए, ही जातपात न पाळणारा प्लेअर शोधत फिरलो. याच्यासाठी आषाढात डब्यांवर बुरशी चढते म्हणून आईच्या पापडांच्या आधी माझ्या डिस्क उन्हात जातात. त्यावरून घरात काय काय ऐकावं लागतं, ते जाऊ दे.

पण आपल्याकडे? 2007 च्या सुमारास 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 ला डीव्हीडी मिळायला लागली तेव्हा मी पिशव्या भरून मराठी चित्रपट आणले. 'सामना' घातला. आधी चोरट्या कॉप्या करू नका म्हणून दम. मग दुसऱ्या चार पिक्चरच्या जाहिराती. मग मेनू: 'चित्रपट पहा' आणि 'गाणी पहा'. संपलं. अरे, 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला पिक्चर हा! तेंडुलकरांचं लेखन, समोरासमोर डॉ. लागू आणि निळूभाऊ. त्या दोघांना एका खोलीत, एका माईकपुढे बसवायचं, चहा ठेवायचा आणि मशीन चालू करायचं. खर्च किती, चहाचा? तेंडुलकर 2008 मध्ये गेले, निळूभाऊ 2009 मध्ये, डॉक्टर 2019 मध्ये. डिस्कवर काय राहिलं, तर 'गाणी पहा'.

आणि ही अक्कल आपल्याकडे नव्हती असंही नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1917 सालीच 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखवणारी फीत स्वतः काढली होती. डिस्क नव्हती, प्लेअर नव्हता, बोलपटसुद्धा नव्हता, तरी त्या माणसाला वाटलं की लोकांना हे बघायला आवडेल. पुढच्यांना काही वाटलं नाही. पुण्यात 2003 साली आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मा गेल्या, तेव्हा पेपरात बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट आलं. मी रागावतोय हे मला कळतंय. पण दोन दिवस सबंध गावात मीच एकटा या विषयावर रागावलेला आहे, कुणी तरी वाटून घ्या.

संध्याकाळी आबांनी नातवाला झाडावर चढवून कुरोसावा उतरवला. मी तो धुवून, फडक्याने आतून बाहेर पुसून प्लेअरमध्ये घातला. पहिला अर्धा तास ठीक. मग फांदीचा ओरखडा लागला. ओशिमा प्रश्न विचारून थांबतात, कुरोसावा उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि तसेच राहतात, चौकोन चौकोन होऊन. पुढे ढकललं तर एकदम शेवटची श्रेयनामावली.

आबा पाठोपाठ चिकूची पिशवी घेऊन आले होते. पडवीत बसून तेही बघत होते.

"काय झाला? बोलणा नाय तो?"

"खराब झाली, आबानू. आता ती एकटी गावणा नाय. सगळो डबो परत मागवक व्हयो. अमेरिकेसून."

"मगे मागव," आबा म्हणाले. "पिक्चरवाल्यो तुका झाल्यो, जादाची माका."