लाय, ले आणि पाडेली

मुंबईत उभा जन्म नुसत्या पावत्या फाडल्या असल्या, तरी गावी परतलेल्या चाकरमान्याला इंग्रजी येतं, अशी आमच्या मालवणकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे पुतण्याने माडांच्या बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि बोर्डाचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पाहुणे सुरमईवर ताव मारतात आणि चटई घेऊन थेट लगडलेल्या माडाखाली आडवे होतात. त्यांना आवरायला मी लिहिलं, ‘डू नॉट लाय अंडर द कोकोनट ट्रीज.’

पुतण्याची बारावीतली मुलगी फिसकन हसली. “आजोबा, माडाखाली खोटं बोलू नका?”

“मगे खयच्या झाडाखाली बोलूचा, ता पण लिवा,” ओटीवरून वहिनी.

पुतण्या म्हणाला, लायचं ले करा. आता आली का पंचाईत! आडवं होणं म्हणजे लाय, आडवं ठेवणं म्हणजे ले. पण लायचा भूतकाळही ले. म्हणजे कोंबडी अंडं घालते ते ले, घालून शेजारी पसरते ते लाय, आणि कालच पसरली असेल तर पुन्हा ले. जुन्या इंग्रजीत ही लिज्जन आणि लेज्जन अशी वेगळी क्रियापदं होती, खोटं बोलण्याचं लेओगन तर तिसऱ्याच घरचं. शतकानुशतकं जिभेवर घासून तिघांचे चेहरे सारखे झाले, आणि निस्तरायचं मालवणात मी!

खरं तर ही खोड आपल्याला परकी नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे. स्वर ताणला की आपोआप होणारं काम कुणीतरी करवलेलं होतं; व्याकरणात यालाच प्रयोजक क्रियापद म्हणतात. संस्कृतात सीदति-सादयति, म्हणजे बसतो-बसवतो, आहे, आणि इंग्रजीतले सिट आणि सेट हे त्यांचे भाऊबंदच. फॉल आणि फेल तर हुबेहूब पडणे-पाडणे. पण झाड काल आपणहून पडलं तरी फेल, आणि कुऱ्हाड घेऊन पाडायचं म्हटलं तरी फेल. या विषयात आमच्या पिढीतली निम्मी मुलं फेल का झाली, ते आता कळतं.

राइज म्हणजे उठणे आणि रेझ म्हणजे उठवणे, यांचं त्याहून मजेदार. राइज घरचं, रेझ बोटीतून आलेलं. 793 साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिस्फार्नचा मठ लुटणाऱ्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लोकांचे भाऊबंद पुढे इंग्लंडात शेती करून राहिले आणि त्यांचं क्रियापद तिथेच रुजलं. किनाऱ्यावरच्या माणसाला यात नवल नाही. पगार हे मुळात पोर्तुगीजांचं पैसे चुकते करण्याचं क्रियापद. आपण त्याचं नाम केलं आणि दर महिन्याला त्याची वाट बघत बसलो.

एवढं सगळं मी ओटीवर सांगितलं. पुतण्या मध्येच मोबाइल बघू लागला. वहिनींनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “भावोजी, नारळ पडतले म्हणान बोर्ड लिवतास, त्यापेक्षा ते पाडून घेवया.”

दुसऱ्या दिवशी पाडेली आला. प्रयोजक क्रियापद कमरेला कोयता लावून सरसर माडावर चढताना बघायचं भाग्य किती वैयाकरणांना लाभलं असेल? शेंड्यावरून तो ओरडला, “खालच्या पावण्याक आधी उठवा!”

पुण्याचे एक गृहस्थ चटईवर घोरत होते. हाका मारून झाल्या, हलवून झालं. नात कानाशी कुजबुजली, “आजोबा, राइज की रेझ?” मी विचारात पडलो, तोवर वहिनींनी तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं.

ड्रेंच! हे ड्रिंकचं प्रयोजक, मूळ अर्थ पाजणे. हे त्या गृहस्थांना समजावून द्यायला मी लगबगीने पुढे झालो, पण ते तोंड पुसत बिल मागत होते.