तिथे सबटायटल शोधू नका

नाताळ जवळ आला की मुलांना कुठला सिनेमा दाखवू, असं कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘क्लाउस’. २०१९ चा, नेटफ्लिक्सवरचा अ‍ॅनिमेशनपट.

बघून आलेले लोक दोन गोष्टी हमखास बोलतात. एक म्हणजे, ‘थ्रीडी काय भारी आहे!’ अहो, ते थ्रीडी नाहीच. सर्जिओ पाब्लोस या दिग्दर्शकाच्या माद्रिदमधल्या स्टुडिओत हाताने काढलेली चित्रं आहेत ती. फक्त त्यांच्यावरचा उजेड आणि सावल्या रंगवायला कलाकारांनी नवं सॉफ्टवेअर वापरलं. ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मिळालं, ऑस्कर नामांकनावरच थांबलं. याची हळहळ मला अजून वाटते.

दुसरं, ‘पुढे काय होणार ते आधीच कळतं.’ खरंय, कळतं. बापाने उत्तर टोकाच्या बेटावर पोस्टमन म्हणून धाडलेला लाडावलेला जेस्पर. वर्षभरात सहा हजार पत्रं पोस्टात पडली नाहीत तर वारसा गेला. गावात दोन घराण्यांचं पिढीजात वैर, पत्र लिहिणार कोण? मग तो मुलांना सांगतो, जंगलात राहणाऱ्या, खेळणी बनवणाऱ्या क्लाउसला पत्र लिहा, खेळणं मिळेल. स्वार्थापोटी मांडलेला हा खेळ कधीतरी उघडा पडणार हे शाळकरी पोरालाही कळेल. पण मला हा सिनेमा प्रिय आहे तो मार्गूमुळे.

मार्गू ही चिमुरडी सामी मुलगी. उत्तरेकडच्या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांमधली. ती येते आणि जेस्परशी भडाभडा बोलत सुटते, सामी भाषेत. जेस्परला अक्षर कळत नाही आणि आपल्यालाही नाही, कारण तिच्या बोलण्याला सबटायटलच दिलेली नाहीत. मी पहिल्यांदा बघताना रिमोट हातात घेऊन सेटिंग शोधत बसले होते. माझी सात वर्षांची लेक वैतागली. ‘आई, थांब ना! तिला पण खेळणं हवंय, त्याला कळतच नाहीये.’

पुढे तिच्यासाठी घसरगाडी तयार होते. ती बर्फावरून सुसाट निघते तेव्हा जेस्परच्या तोंडाकडे बघा. पत्रांचा हिशोब तो तिथेच विसरतो.

आमच्याबरोबर माझी आईही बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. आधी मी अधूनमधून सांगत होते, नंतर राहूनच गेलं. मार्गूचा प्रसंग संपल्यावर माझ्या लक्षात आलं, मला दोन मिनिटं जे वाटलं ते आईला सुरुवातीपासून वाटत असणार. म्हटलं कंटाळली असेल. वळून बघितलं तर ती पदर डोळ्यांना लावून बसलेली. पडद्यावर क्लाउसच्या घरातली खेळणी होती, भिंतभर.

‘मूलबाळ नाही ना गं त्याला?’ आईने विचारलं.

क्लाउस त्याबद्दल अजून एक शब्दही बोलला नव्हता.