सत्यावर भाषण ठोकायचंय? वॉशिंग्टन घ्या!

संस्कार शिबिराला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं आलंय आणि विषय 'सत्य' आहे? घाबरू नका, काही वाचावं लागत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन घ्या. परवाच्या रविवारी भाचीच्या शिबिरात एका पाहुण्यांनी तो पाऊण तास पुरवला. मी दुसऱ्या रांगेत बसून शिकून घेतलं.

सुरुवात कुऱ्हाडीने करा. सहा वर्षांचा जॉर्ज, चेरीचं झाड, "बाबा, मी खोटं बोलू शकत नाही", बापाची मिठी. इथे आवाज घोगरा करायचा. मेसन वीम्स नावाच्या पुस्तकविक्याने वॉशिंग्टन गेल्यावर ही गोष्ट स्वतः लिहिलेल्या वॉशिंग्टन-चरित्राच्या १८०६च्या आवृत्तीत घुसडली, हे बोलायचं नाही. त्याच्या पुस्तकातही पोरगं नुसती साल सोलवटतं. आपल्यापर्यंत येईतो झाड आडवं झालं!

स्लाइडवर फोटो लिंकनचा चालतो. जमल्यास शेवटी ते हेडमास्तरांचं पत्रही वाचा.

वडिलांकडून संस्कारांचा वारसा मिळाला, असं ठोकून द्या. अकराव्या वर्षी बाप वारला तेव्हा दहा गुलामही वारशात आले, ते संस्कारांत धरू नका.

१७७६, नाताळची रात्र, बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडणारं सैन्य हे दोन वाक्यांत उरका. खरंच घडलेलं आहे, त्यात काय रंगत?

दात लाकडाचे होते म्हणा, पोरं हसतात. कवळ्या पाणघोड्याच्या दातांच्या, गाईच्या दातांच्या आणि माणसांच्या दातांच्या होत्या असं सांगितलंत तर एखादं आगाऊ पोर विचारेल, कुठल्या माणसांच्या? १७८४च्या हिशेबात निग्रोंकडून घेतलेल्या नऊ दातांपोटी ६ पौंड २ शिलिंग मांडलेत.

आणि फिलाडेल्फियाचं तर नावच काढू नका. राजधानी तेव्हा तिथे होती, आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला की सुटका मागू शकतो. म्हणून साहेब मुदत भरायच्या आत माणसांना राज्याबाहेर फिरवून आणत. १७९१मध्ये आपल्या सेक्रेटरीला, टोबायस लिअरला लिहितात की त्यांना आणि जनतेलाही फसवता येईल असं काहीतरी निमित्त काढून हे करा. खोटं न बोलू शकणारा हाच तो जॉर्ज! १७९६मध्ये पत्नी मार्थाबाईंची दासी ओना जज हिला कळलं की आपल्याला बाईंच्या नातीला लग्नाची भेट म्हणून देणार आहेत. मालक-मालकीण जेवायला बसले असताना ती घरातून निघाली, ती थेट न्यू हॅम्पशायरला. राष्ट्राध्यक्ष मरेपर्यंत तिच्या मागे होते. परत आली नाही पोरगी!

कार्यक्रमानंतर हे पाहुण्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, "सर, मुलांना पॉझिटिव्ह द्यायचं असतं."

अहो, 'खरं बोला' हे शिकवायला खोटी गोष्ट लागते तुम्हाला? याच माणसाने मृत्युपत्रात स्वतःचे १२३ गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त करायचे असं लिहून ठेवलं. पत्नीच्या पश्चात का, आधी का नाही, यावर आठवीची पोरं तासभर भांडली असती. पोरांना झेपतं हो, तुम्हालाच वाचायचा कंटाळा. शाल घेता, नारळ घेता, पाकीट घेता, मग अर्धा तास वाचून यायला काय होतं? आणि तो फोटो तरी बदला, लिंकन आहे तो!