फावडी विकणारेही बुडाले होते

व्यवसायाच्या ग्रुपांवर आणि प्रेरणादायी भाषणांत एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. सोन्यासाठी लाखो लोक धावले, खणणारे कंगाल झाले आणि त्यांना फावडी, पँटी, जेवण विकणारे मालामाल झाले. म्हणून सोनं खणू नका, फावडी विका. दाखल्याला कॅलिफोर्नियातली दोन नावं हमखास असतात, सॅम्युएल ब्रॅनन आणि लेव्ही स्ट्रॉस. हल्ली घरचे दागिने गहाण ठेवून दुकान टाकायला निघालेली मुलं मला हीच गोष्ट ऐकवतात आणि वर 'यात रिस्कच नाही' म्हणतात. ते ऐकून पोटात गोळा येतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी ती दोन नावं. १८४८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याची हाकाटी केली ती ब्रॅननने. त्याचं खाणीच्या वाटेवर दुकान होतं आणि त्याने अमाप कमावलं, हे खरं. पण १८८९ साली तो वारला तेव्हा त्यातलं जवळपास काही उरलं नव्हतं, हा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही. लेव्ही स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोला पोचला १८५३ मध्ये आणि तिथे त्याने कापडचोपडाचा घाऊक व्यापार मांडला. रिव्हेट, म्हणजे धातूच्या टिकल्या, ठोकलेल्या पँटीचं (आजच्या जीन्सचं) पेटंट आहे १८७३ चं, आणि मूळ कल्पना जेकब डेव्हिस या शिंप्याची. म्हणजे १८४९ मध्ये सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीला त्याने जीन्स विकली, हे घडूच शकत नाही.

मूळ दावा तपासायचा तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीकडे बघा. १८५१ मध्ये तिथे बॅलरॅट, बेंडिगो भागात सोनं सापडलं. तेव्हा वसाहतीची लोकसंख्या ७७ हजारांच्या आसपास होती; दहा वर्षांत ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. फावडी विकायला याहून चांगली जागा कुठली?

'गिऱ्हाईक ठरलेलं, माल खपणारच.' मेलबर्नच्या व्यापाऱ्यांनाही असंच वाटलं होतं. तिथली टंचाईची बातमी जहाजाने लंडनला जायला काही महिने, तिथून माल भरून यायला आणखी काही महिने. मधल्या काळात हीच बातमी वाचून शेकडो जणांनी तोच माल पाठवलेला असे. १८५४ मध्ये बाजारात मालाचा नुसता पूर आला. धक्क्यावर पेट्यांचे ढीग लागले, मूळ खरेदीपेक्षा कमी भावात लिलाव झाले आणि एकामागून एक पेढ्यांनी दिवाळं काढलं. मागणी होती, गिऱ्हाईक होतं, तरीही. कारण फावडी विकायची अक्कल फक्त आपल्यालाच सुचली, असं प्रत्येकाने धरलं होतं.

'जोखीम खणणाऱ्याची, दुकानदाराची नाही.' हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. बॅलरॅटचं सोनं पुढे पुढे फार खोल गेलं. शंभर-शंभर फुटांचे खड्डे, खाली पाणी आणि गाळ, बाजूंना लाकडाचे टेकू. तळ गाठायला महिनोन् महिने लागत. तोवर खणणारे खाणार काय? दुकानदार त्यांना पीठ, चहा, साखर, मटण, मेणबत्त्या उधारीवर देई आणि बदल्यात खड्ड्यात हिस्सा घेई. तळाशी सोनं लागलं तर दोघं तरले. खड्डा कोरडा निघाला की खणणारा बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाई आणि दुकानदाराच्या हाती राही ती उधारीची वही. शिवाय पलीकडच्या खोऱ्यात नवं सोनं सापडल्याची आवई उठली की अख्खी वस्ती हले. गिऱ्हाईक पायाने चालत जातं. भरलेलं दुकान जात नाही. मेन रोडवरची लाकूड आणि कापडाची दुकानं वारंवार आगीत जळाली, ते आणखी वेगळं.

'हॉटेलवाले तर नक्कीच कमावतात.' जेम्स बेंटलीचं युरेका हॉटेल बघा. १८५४ मध्ये बॅलरॅटच्या खाणींवर त्याने मोठ्या थाटात ते उघडलं. दारू, मुक्काम, करमणूक, सगळं एका छपराखाली. ७ ऑक्टोबरला मध्यरात्र उलटल्यावर हॉटेलजवळ जेम्स स्कोबी हा स्कॉटिश खाणकामगार मारला गेला. संशय बेंटलीवर होता, पण स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडून दिलं, आणि त्यांच्यातल्या एकाचे बेंटलीशी पैशाचे संबंध आहेत अशी बोलवा होती. १७ ऑक्टोबरला हजारोंचा जमाव जमला, काचा फुटल्या, मग आग लागली आणि सगळा डोलारा त्याच दिवशी राख झाला. बेंटली घोड्यावरून पळाला. पुढे मेलबर्नला खटला पुन्हा चालला आणि सदोष मनुष्यवधासाठी त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. याच असंतोषातून ३ डिसेंबरचा युरेका उठाव, म्हणजे खाणकामगारांचं सरकारविरुद्धचं सशस्त्र बंड, झाला. त्याच गावात टॉमस बाथचं हॉटेल होतं. १८५७ मध्ये ते वॉल्टर क्रेगने घेतलं आणि क्रेगच्या नावाने ते आजही उभं आहे. तेव्हा हॉटेल चालतं की बुडतं, हे 'खणणारा की विकणारा' या एका वाटणीवरून कळत नाही.

दारूबद्दल एवढंच सांगतो की सुरुवातीला खाणींवर तिची विक्रीच बेकायदा होती. चोरून विकणाऱ्याला जबर दंड होई, तंबू जाळला जाई आणि दंडातला वाटा खबऱ्याच्या खिशात जाई. हाही धंदा फावड्यांसारखा 'सुरक्षित' म्हणूनच सांगितला जातो.

'खणणारे सगळे कंगाल.' बहुतेकांच्या हाती फार काही लागलं नाही, हे मान्य. पण सगळ्यांच्या? बेंडिगोचा जॉन बॉइड वॉटसन खणायलाच आला होता आणि क्वार्ट्झच्या, म्हणजे सोनं धरून असलेल्या कठीण पांढऱ्या दगडाच्या, खाणींवर प्रचंड श्रीमंत झाला. बॅलरस्टेट बापलेकांनी तिथल्याच व्हिक्टोरिया हिल या टेकडीवर खणून नशीब काढलं. आणि त्यांचं 'फॉर्च्युना' हे घर पुढे ज्याने विकत घेतलं, तो जॉर्ज लॅन्सेल तर या गोष्टीला थेट उलटं उत्तर आहे. तो बेंडिगोला आला तो भावांबरोबर साबण-मेणबत्त्यांचा धंदा करायला. म्हणजे पक्का फावडी विकणारा. पण 'क्वार्ट्झ किंग' हे नाव त्याला मेणबत्त्यांनी दिलं नाही. दुकानाची कमाई त्याने खाणींच्या हिश्श्यांत घातली, इतर जण थांबले त्याच्याखाली आणखी खोल खणत राहिला, आणि १९०६ साली वारला तेव्हा तो बेंडिगोच्या सगळ्यात बड्या खाणमालकांत गणला जात होता.