कॉनिंग्जबीच्या घड्याळाचा काटा तुटलेला नाही

इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये कॉनिंग्जबी नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट मायकेल चर्चच्या मनोऱ्यावर, थेट भिंतीवर रंगवलेली, १६ फुटांहून मोठी तबकडी आहे आणि तिला काटा एकच. त्याचे फोटो फिरतात तेव्हा सोबत तीन गोष्टी ठोकून दिल्या जातात: मिनिटकाटा कधीच गळून पडला, त्या काळी लोकांना मिनिट ठाऊकच नव्हतं, आणि अशा घड्याळावरून नीट वेळ कळत नाही. तिन्ही चूक आहेत.

गळून पडायला मिनिटकाटा मुळात असावा लागतो. हे घड्याळ १७व्या शतकातलं, एका काट्याचंच. दोन काट्यांना तबकडीमागे एकात एक बसवलेले दोन आस लागतात आणि एकाची गती दुसऱ्याच्या बारापट ठेवणारी दंतचक्रं लागतात. एककाटी घड्याळात हा सरंजामच नसतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या मनोऱ्यावरही एककाटी घड्याळच आहे. तिथलाही मिनिटकाटा गळून पडला असं कोणी म्हणेल का?

मिनिट ठाऊक नव्हतं, हेही खरं नाही. मध्य आशियातला विद्वान अल्-बिरूनी याने इ. स. १०००च्या सुमारास तासाचे साठ-साठ भाग करून हिशेब मांडले होते. आपल्याकडे तर २४ मिनिटांच्या घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. अडचण यंत्राची होती. दोरीला टांगलेलं वजन चाक ओढायचं आणि मागेपुढे झुलणारी आडवी दांडी त्याला दात-दात अडवायची. त्या दांडीला स्वतःचा ठरलेला ताल नव्हता. थंडीने वंगण घट्ट झालं की चाल बदलायची, दिवसात पाव तासाचा फरक सहज पडायचा. अशा घड्याळाला मिनिटकाटा लावणं म्हणजे गावाशी खोटं बोलणं. १६५६मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ठरलेल्या तालात झुलणाऱ्या लंबकाचं घड्याळ केलं, त्यानंतर मिनिटकाटा हळूहळू रुळला.

आता वेळ कळण्याचं. १६ फूट व्यासाचा परीघ ५० फुटांचा, म्हणजे एका तासाला चार फुटांहून जास्त जागा, पाव तासाला फूटभर, पाच मिनिटांना चार इंच. एवढं अंतर रस्त्यावरून दिसतं. शंका असेल तर घरच्या घड्याळाचा मिनिटकाटा मनातून पुसा आणि फक्त तासकाट्याकडे बघा. चार आणि पाचच्या बरोबर मध्ये आला की साडेचार. चारच्या जरा पुढे, सव्वाचार. पाचला टेकत आला, पावणेपाच. मराठीत वेळ सांगायला आपण हेच शब्द वापरतो आणि एककाटी तबकड्यांवरही दोन तासांमधल्या अंतराचे बहुधा चारच भाग असतात.

शिवाय शेतात राबणाऱ्याला तबकडी दिसणारच नव्हती. त्याच्यासाठी घंटा होती. ‘किती वाजले?’ असं आपण विचारतो, ते टोल ऐकून वेळ मोजायचे तेव्हापासूनचं. ऑक्सफर्डशायरमधल्या ईस्ट हेंड्रेड गावच्या चर्चमध्ये १५२५ सालचं घड्याळ आहे. त्याला काटा नाही आणि तबकडीही नाही.