मळीतून (मोलॅसिसमधून) सायट्रिक ॲसिड : त्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

वाळव्यापासून कऱ्हाडपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "कारखान्याची मळी घ्या, काळी बुरशी सोडा, दारूच्या टाकीसारखं झाकण लावा, मोटर फुल ठेवा. लाइट गेली तरी बिघडत नाही. आठवड्यात सायट्रिक ॲसिड तयार." पोरं यावर कर्जाचे हिशेब मांडायला लागलीत, म्हणून लिहितोय.

झाकणाची गोष्ट साफ चुकीची. दारूचं यीस्ट हवेवाचून काम करतं. ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी हवेवाचून सायट्रिक करत नाही. आणि हवा एकदा भरून ठेवता येत नाही : ३० अंशाला लिटरभर पाण्यात जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो, साखरेच्या पाण्यात त्याहून कमी. साखर मात्र लिटरला १५० ग्रॅमच्या घरात. म्हणजे गाळलेली, निर्जंतुक हवा रात्रंदिवस खालून सोडावी लागते.

"लाइट गेली तरी" हे वाक्य सगळ्यांत घातक. आम्ल जोरात तयार होत असताना हवा वीसेक मिनिटं जरी तुटली, तरी बुरशी मरत नाही, वाढतही राहते. पण आम्ल करणं थांबतं ते परत सुरू होत नाही. वरून टाकी ठणठणीत दिसते, म्हणून फसायला होतं. इटाकॉनिक ॲसिड हे दुसरं आम्ल करणारी ॲस्परजिलस टेरियस ही बुरशी तर याहून नाजूक. आपल्याकडची लाइट कशी येते-जाते ते सांगायला नको. कॉम्प्रेसरला जनरेटर नसेल तर हा धंदा धरूच नये.

मोटरचं अर्धं खरं. ढवळल्याने बुडबुडे बारीक फुटतात, ऑक्सिजन जास्त मुरतो. पण पात्यांच्या टोकाशी बुरशीचे तंतू तुटतात. सायट्रिकसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आतले घट्ट गोळे हवे असतात. मग पाणी पातळ राहतं. तंतू सैल पसरले की सगळं आंबिलीसारखं दाटतं, हवा ढवळणीच्या दांड्याजवळून सरळ वर निघून जाते आणि कडेची बुरशी उपाशी राहते. गोळे फार मोठे झाले तर आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. शिवाय गोळे नीट बांधले जाणं मँगेनीज हा धातू कमी असण्यावरही अवलंबून. मळीत ते भरपूर, म्हणून ते काढायला फेरोसायनाइड या रसायनाची प्रक्रिया आधी करावी लागते. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

आठवड्याचा अंदाज तेवढा बराचसा बरोबर आहे.

कुणी प्रोजेक्ट विकायला आलं, तर आधी चालू टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा पहिल्या दिवसापासूनचा आलेख मागा.